तारीख पडते, दिनांक लिहितात

मंडळी, सकाळी फोन हातात आला की आपल्यापैकी बऱ्याच जणांचा क्रम ठरलेला असतो. आधी पाच अक्षरांचं ते इंग्रजी कोडं, मग मित्रांच्या ग्रुपवर हिरव्या-पिवळ्या चौकटी टाकणं, आणि त्याच दमात "ती बातमी बघितलीस का?" शब्दांचा खेळ आणि बातम्यांवरच्या गप्पा ही जोडी मोबाइलवाल्यांनी जमवलेली नाही बरं का. जगातलं पहिलं आधुनिक शब्दकोडं मानतात ते छापून आलं २१ डिसेंबर १९१३ रोजी, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात. रचणारा आर्थर विन हा त्या पेपरातला नोकरदार माणूस. आणि 'वर्डल'? जॉश वॉर्डल नावाच्या आपल्यासारख्याच एका सॉफ्टवेअरवाल्यानं तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये विकत कुणी घेतला, तर 'न्यूयॉर्क टाइम्स'नं. खेळ फिरून पुन्हा पेपरवाल्यांच्याच घरी!

आपल्याकडेही पेपरातलं शब्दकोडं सोडवत चहा थंड करणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. मराठी कोड्याची एक गंमत मात्र इंग्रजीवाल्यांना कळणार नाही. 'रत्नागिरी' हा शब्द कोड्यात चार घरं घेतो: र, त्ना, गि, री. हाच शब्द युनिकोडमध्ये साठवायचा तर नऊ खुणा लागतात, कारण 'त्ना' मधला त, हलन्त, न आणि काना हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे ज्यानं मराठी शब्दकोडं बनवलं त्याला अक्षर म्हणजे काय हे संगणकापेक्षा चांगलं कळत होतं. असो.

आज लिहायचंय ते याहून मोठ्या खेळाबद्दल. एखादी नवी गोष्ट घडते, तिची बातमी येते, आणि तिच्यासाठी आपल्याकडे शब्दच नसतो. मग कुणीतरी एक शब्द सुचवतो. बाकीचे लोक तो उचलतात, नाहीतर हसून सोडून देतात. झालं, डाव संपला. मराठीत हा खेळ साडेतीनशे वर्षं चालू आहे, आणि त्यातले काही फार महत्त्वाचे डाव आमच्या रत्नागिरी जिल्ह्याशी जोडलेल्या माणसांनी खेळले आहेत. जिंकले किती आणि हरले किती, आणि का, हे बघण्यासारखं आहे.

पहिला मोठा डाव रायगडावरचा. १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे हे काम होतं. जवळपास चौदाशे शब्दांचा हा कोश. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती.

आता निकाल बघा. पुढच्या शतकात पुण्यात ज्यांनी राज्य चालवलं त्यांना लोक काय म्हणाले? पेशवे! कागदावर आणि शिक्क्यांवर 'प्रधान' होते, लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत पेशवेच राहिले. पण 'पंतप्रधान' हा शब्द मेला नाही. तो शिक्क्यांमध्ये आणि दप्तरांत झोपून राहिला आणि १९४७ साली नेहरूंच्या नावाआधी येऊन उभा राहिला. हिंदीवाले 'प्रधानमंत्री' म्हणतात, आपण 'पंतप्रधान' म्हणतो, त्याचं मूळ हे. 'सचिव' मंत्रालयात जाऊन बसले. 'चिटणीस' मात्र हरला नाही: राजकीय पक्षांच्या बातम्यांत 'सरचिटणीस' आजही जोरात आहेत. म्हणजे जुना शब्द गेला आणि नवा आला, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. दोघंही राहतात आणि कामं वाटून घेतात. हे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

दुसरा डाव छापखान्यातला. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' निघालं, मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र. संपादक बाळशास्त्री जांभेकर, तेव्हा अवघ्या विशीचे. गाव पोंभुर्ले, देवगड तालुक्यातलं. हा भाग आता सिंधुदुर्गात येतो, पण सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली, त्याआधी तो रत्नागिरी जिल्हाच होता, त्यामुळे बाळशास्त्री आमचेच, यात वाद नको :)

'दर्पण'चं पान दोन रकान्यांचं होतं. एकात मराठी, शेजारी इंग्रजी. म्हणजे हा पोरसवदा संपादक प्रत्येक अंकात एक कठीण कोडं सोडवत होता: शेजारच्या रकान्यातल्या इंग्रजी गोष्टीला मराठीत म्हणायचं काय? पार्लमेंट, कंपनी सरकारचे ठराव, विज्ञानातले शोध, यांची बातमी द्यायची तर मराठीत शब्द हवेत. आणि हाताशी काय होतं? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आदल्याच वर्षी, १८३१ साली, छापून झाला होता. इंग्रजीवरून मराठीकडे नेणारा कँडीचा कोश यायला १८४७ साल उजाडायचं होतं. म्हणजे 'दर्पण'ची सगळी कारकीर्द (ते १८४० मध्ये बंद पडलं) त्या कोशाविनाच पार पडली. डेडलाइन आहे, डॉक्युमेंटेशन नाही... आपल्या धंद्यातल्या लोकांना ही अवस्था समजावून सांगायला नको.

तिसऱ्या डावात एका शब्दानं कमाल केली आहे. शब्द आहे 'बहिष्कार'.

१८८० साली आयर्लंडमध्ये कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सगळे संबंध तोडले. त्याच्याकडे कुणी कामाला जाईना, दुकानदार माल देईना. पेपरांनी ही बातमी इतकी चालवली की त्या माणसाचं आडनावच इंग्रजीत क्रियापद होऊन बसलं. पंचवीस वर्षांनी, १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर, विलायती मालाविरुद्ध हेच हत्यार आपल्याकडे उपसलं गेलं. मराठीत याला नवा शब्द पाडायची गरजच पडली नाही. 'बहिष्कार' घरचाच होता. ग्रामण्यात, जातीच्या पंचायतीत, एखाद्याला वाळीत टाकायचं तेव्हा तो वापरला जायचा. टिळकांच्या (जन्म १८५६, रत्नागिरी) चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या बरोबरीनं तो जाऊन बसला. कालपर्यंत भीती घालणारा शब्द एकदम देशभक्तीचा झाला.

पण त्या शब्दाची दुसरी बाजू ज्यांनी पिढ्यानपिढ्या सोसली होती, त्यांचं काय? मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली संस्था काढली ती 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी पाक्षिक सुरू केलं ते 'बहिष्कृत भारत'. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. एकाच धातूचा शब्द, दोन पेपर, आणि दोन बाजू. विलायती कापडावर बहिष्कार घालणाऱ्या वाचकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव वाचून थांबावंच लागलं असणार: आपण ज्याला हत्यार म्हणतोय ते आपणच कुणावर चालवत आलोय? एक लांबलचक अग्रलेख जे सांगेल ते त्या दोन शब्दांच्या नावानं सांगितलं. शब्द शुद्ध आहे की अशुद्ध, संस्कृत आहे की फारसी, हा प्रश्न तिथे गौणच होता. तो कुणाच्या हातात आहे हा प्रश्न होता.

आता खुद्द रत्नागिरी शहरातला डाव. ६ जानेवारी १९२४ रोजी (पुन्हा तीच 'दर्पण'ची तारीख, निव्वळ योगायोग) विनायक दामोदर सावरकर येरवड्याच्या तुरुंगातून सुटले. अटी दोन: रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. पाच वर्षांसाठी घातलेली ही बंधनं वाढत वाढत मे १९३७ पर्यंत गेली. सरकारनं रत्नागिरी का निवडली हे नकाशा बघितला की कळतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, पावसाळ्यात बोटी बंद, आणि कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ साल यायचं होतं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यालाही इंग्रजांनी १८८६ साली इथेच आणून ठेवलं होतं, आणि तीस वर्षांनी तो इथेच वारला. बातमी उशिरा पोचणारी आणि उशिरा बाहेर पडणारी जागा.

राजकारणावर बंदी असलेल्या माणसानं मग जी कामं हाती घेतली त्यांत अस्पृश्यतानिवारण होतं (१९३१ चं पतितपावन मंदिर त्यातलंच) आणि भाषाशुद्धीही होती. 'केसरी'सारख्या पत्रांतून त्यांनी यावर लेख लिहिले. म्हणणं थोडक्यात असं: आपला शब्द असताना परका वापरू नका, आणि नवी वस्तू आली तर तिच्यासाठी आपल्या भाषेतून शब्द घडवा. त्यांचा पहिला रोख फारसी-अरबी शब्दांवर होता, मग इंग्रजीवर. हे निव्वळ भाषाप्रेम नव्हतं, त्यामागे त्यांचं हिंदुसंघटनेचं राजकारण होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. मराठी साहित्यिकांत यावरून चांगलीच जुंपली. माधव जूलियन यांचंच बघा. १९२५ साली फारसी-मराठी कोश करणारा आणि कवितेत फारसी शब्दांची लयलूट करणारा हा कवी पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला गेला!

सावरकरांनी घडवलेले, जुने उकरून नव्या कामाला लावलेले किंवा आग्रहानं रूढ केलेले म्हणून सांगितले जाणारे शब्द पुष्कळ आहेत. ही यादी दरवर्षी मराठी दिनाच्या आसपास फॉरवर्ड होऊन तुमच्याकडेही येत असेल. त्यातल्या प्रत्येक शब्दाची मालकी तपासण्यात मला रस नाही. मी त्या यादीतले शब्द आजच्या बोलण्यात शोधायला लागलो, आणि त्यांचे तीन ढीग झाले.

पहिला ढीग पूर्ण पास झालेल्यांचा. महापौर, क्रमांक, दिग्दर्शक, मुख्याध्यापक, हुतात्मा. हे वापरताना आपण काही विशेष मराठी बोलतोय असं वाटतसुद्धा नाही.

दुसरा ढीग अर्धवट पास झालेल्यांचा, म्हणजे लेखीत पास आणि तोंडीत नापास. दिनांक, उपस्थित, दूरध्वनी. बँकेच्या फॉर्मवर 'दिनांक' असतो, पण खिडकीवरच्या बाई विचारतात, "तारीख टाकलीत का?" कोर्टात तारीख पडते. दिनांक पडला, असं कुणी म्हटल्याचं ऐकलंय? समारंभाच्या बातमीत मान्यवर उपस्थित असतात, पण शाळेत बाईंनी नाव पुकारलं की पोरगं ओरडतं "हजर!" पुन्हा तीच वाटणी, रायगडावरच्या प्रधानाची आणि पुण्यातल्या पेशव्याची.

तिसरा ढीग नापासांचा. फाउंटन पेनला 'झरणी' सुचवलं होतं. शब्द काय सुंदर आहे! पण फाउंटन पेनचा जमाना गेला तरी झरणी काही कुणाच्या खिशाला लागली नाही. कायद्याला 'निर्बंध' सुचवलं होतं. कायदा जागचा हलला नाही, आणि निर्बंध त्याच्या जुन्या अर्थानं, म्हणजे बंधन म्हणूनच, राहिला. २०२०-२१ मध्ये तर रोज संध्याकाळी "निर्बंध शिथिल झाले का?" एवढा एकच प्रश्न महाराष्ट्र विचारत होता.

'बोलपट' बिचारा वेगळ्याच कारणानं गेला. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा', आणि बोलणाऱ्या सिनेमाला शब्द हवाच होता. बोलपट झकास चालला. पण दहा-पंधरा वर्षांत सगळेच सिनेमे बोलायला लागले, मग वेगळं सांगायचं कशाला? बोलपट निवृत्त झाला आणि जुन्या न बोलणाऱ्यांसाठी 'मूकपट' तेवढा उरला. 'चित्रपट' मात्र टिकला, आणि त्याची मुळं तर कोकणातच सापडतात. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावरची चित्रं दाखवत रामायण-महाभारत सांगतात, तिथे चित्रांचा पट सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता मुख्य प्रश्न. महापौर पास आणि झरणी नापास, हे कशामुळे? दोन्ही एकाच विचारातून आले. दोन्ही उच्चारायला सोपे. उलट झरणी जास्तच गोड.

मला वाटतं फरक बातमीचा आहे. मुंबई महापालिकेच्या अध्यक्षाला 'मेयर' ही पदवी मिळाली १९३१ साली. म्हणजे पद नवं, बातमी नवी, आणि लोकांच्या तोंडात आधीचा शब्द नव्हता. रोजच्या पेपरात मेयरची निवडणूक, मेयरचं भाषण, मेयरवरची टीका. त्या रिकाम्या जागेत 'महापौर' जाऊन बसला आणि लोक त्याच शब्दानं भांडू लागले. फाउंटन पेनवर कुणी भांडत नाही. पेन दुकानातून येतं आणि येताना आपलं नाव घेऊनच येतं. 'हुतात्मा'चंही तसंच. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या आंदोलनात मेलेल्यांना नाव देताना लोकांनी हा शब्द घेतला, आणि आज सगळी मुंबई हुतात्मा चौकातून ये-जा करते. शब्द आधीपासून होता, पण वजन त्या घटनेनं दिलं.

उलटी परीक्षा सरकारनं करून दाखवली. १९६० साली महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय स्थापन झालं आणि १९६२ साली 'पदनाम कोश' आला. सरकारी पदांची मराठी नावं त्यात होती. त्या वेळी त्याची 'बदनाम कोश' म्हणून यथेच्छ टवाळी झाली. खरं सांगायचं तर टवाळी थोडी अन्यायाची होती. आयुक्त, अधीक्षक, संचालक हे शब्द आज कुणाला खटकतात? पाट्यांवर, बातम्यांत, शपथविधीत ते रुळले. तरीही बोलताना आपण 'कलेक्टर ऑफिस'लाच जातो. आपल्याच जातकुळीचं घ्या. पीडब्ल्यूडीच्या पाटीवर 'कार्यकारी अभियंता' असतो. पण स्थळ सांगून आलं तर "मुलगा अभियंता आहे" असं कुठली मावशी म्हणते? "मुलगा इंजिनिअर आहे, हिंजवडीत!" अभियंत्याचं लग्न काही जमायचं नाही.

संगणकाचं जगही असंच. 'संगणक' पास. 'आज्ञावली' (म्हणजे प्रोग्रॅम) नापास. 'संकेतस्थळ' लेखीत पास, पण जुन्या मराठीत संकेतस्थळ म्हणजे प्रेमी जिवांनी चोरून भेटायची ठरवलेली जागा, त्यामुळे "आमच्या बँकेच्या संकेतस्थळावर या" हे वाचून मला अजूनही हसू येतं. ई-मेलला 'विरोप' हा शब्द काही वर्षं हौशी लोकांनी प्रेमानं वापरला. विद्युत-निरोपाचा विरोप. कल्पना चांगली, पण ऑफिसातल्या कुणी "विरोप टाकतो" म्हटलं नाही आणि तो हौशी मंडळींतच राहिला.

२०२० साली हा सगळा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा झाला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि पेपरांनी 'टाळेबंदी' लिहायला सुरुवात केली. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या घरात हा शब्द जुना होता, मालकानं गिरणीला कुलूप घातलं की टाळेबंदी. आता तोच शब्द सगळ्या देशाला लागला. क्वारंटाईनला विलगीकरण आलं, मास्कला मुखपट्टी आली. निकाल सगळ्यांना माहीत आहे. लॉकडाऊन आणि मास्क तोंडात बसले, टाळेबंदी आणि मुखपट्टी मथळ्यांत राहिल्या. कारण इथे बातमी मराठीत यायच्या आधीच टीव्हीवरून आणि फोनवरून इंग्रजी शब्दासकट येऊन धडकली होती. महापौराला जी रिकामी जागा मिळाली ती मुखपट्टीला मिळालीच नाही. शब्द उशिरा पोचला तर तो कितीही चांगला असो, जागा भरलेली असते.

आता वाचणारा म्हणेल, ठीक आहे, तारीख म्हणा नाहीतर दिनांक, बिघडतं कुठे? बिघडतं. आमच्याकडेच बघा.

राजापूर तालुक्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ साली जमिनीची अधिसूचना निघाली आणि २०१९ साली ती रद्द झाली. पुढे बारसूच्या सड्यावर २०२३ साली माती परीक्षण सुरू झालं आणि आंदोलन पेटलं. प्रकल्प हवा की नको, याबद्दल कोकणात दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत, आणि तो वाद हा या लेखाचा विषय नाही. विषय शब्दांचा आहे. 'अधिसूचना', 'भूसंपादन', 'सर्वेक्षण', 'जनसुनावणी', हे सगळे कचेरीतले, कोशातले शब्द. ज्याची आंब्याची बाग त्या नकाशात येते, त्याला यातला एकेक शब्द कळणं म्हणजे जमीन राहणार की जाणार, मोबदला किती, मुदत कधी संपते हे कळणं. पेपरात बातमी येते, चहाच्या टपरीवर ती मोठ्यानं वाचली जाते, कुणीतरी विचारतो "म्हणजे नक्की काय रे?", आणि शब्द फोडून सांगितला जातो. कोकणात गप्पांना 'गजाली' म्हणतात. रिकामटेकड्यांच्या गजाली म्हणून हसू नका; बातमीतला सरकारी शब्द गावाच्या ताब्यात येतो तो अशा गजालींतून.

आणि त्या गजालींत जे शब्द सगळ्यात जड असतात ते बघा: जमीन, हरकत, मालक, सातबारा. पहिल्या तिघांचा उगम फारसी-अरबी. शुद्धीच्या चाळणीत ते खाली पडतील, पण "माझी हरकत आहे" हे वाक्य कोकणातला अडाणी शेतकरीसुद्धा ठणकावून म्हणू शकतो. आणि सातबारा? तो तर कुणी घडवलाच नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ या दोन फॉर्मच्या आकड्यांना लोकांनी चिकटवून शब्द केला. कुठल्याही समितीनं सुचवला असता तर हसून टाकला असता. आज तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या काळजाजवळचा शब्द आहे.

याच सड्यांनी गेल्या काही वर्षांत मराठीला एक देखणा शब्द दिला: 'कातळशिल्प'. रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर माणसं, हत्ती, मासे, चौकोनी गूढ आकृत्या हजारो वर्षांपूर्वी कोरलेल्या आहेत. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू ही त्यांतली काही ठिकाणं, आणि कशेळीचा हत्ती तर एखाद्या घराएवढा. २०२२ साली कोकणातली अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली. इंग्रजीत यांना जिओग्लिफ म्हणतात. मराठीत कोशातून शब्द काढला असता तर शिलाभूचित्र किंवा तसलं काहीतरी झालं असतं. पण 'कातळ' हा इथल्या माणसाच्या पायाखालचा शब्द. अनवाणी चाललं की उन्हाळ्यात भाजतो तो कातळ. त्याला 'शिल्प' जोडलं आणि शब्द तयार. बातमीच्या वेळेला शब्द हजर होता (उपस्थित नव्हे!), ऐकताक्षणी कळत होता, आणि कुणाला शिकवावा लागला नाही. तिन्ही परीक्षांत पास.

या सगळ्यातून मी एवढंच काढतो: शब्द संस्कृतचा आहे, फारसीचा आहे की इंग्रजीचा, यानं फार फरक पडत नाही. बातमी आली त्या दिवशी तो हाताशी होता का? आणि त्या शब्दानं साध्या माणसाला प्रश्न विचारता येतो का? दुसरी कसोटी जास्त महत्त्वाची.

कारण आता नवे शब्द आपल्या धंद्यातून येतायत, आणि त्यांचं मराठी करायची तसदी आपण घेत नाही. ताजं उदाहरण 'डिजिटल अरेस्ट'. पोलिस किंवा तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याचं भासवून व्हिडिओ कॉल करायचा, "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही" असं धमकावायचं आणि आयुष्यभराची बचत वळती करून घ्यायची. २०२४ मध्ये या फसवणुकीच्या इतक्या बातम्या आल्या की ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं, कायद्यात अशी कुठलीही गोष्ट नाही. फसलेल्यांत शिकलेली, निवृत्त, पेपर वाचणारी माणसं पुष्कळ होती.

आता हाच शब्द मराठीत करून बघा. फोनवरून अटक. म्हटलं की लगेच विचित्र वाटतं ना? फोनवरून कुणाला अटक कशी होईल? अटक करायला माणूस यावा लागतो, दारात यावा लागतो. गजालीत कुणी "मला फोनवरून अटक झाली" म्हटलं असतं तर टपरीवर हशा पिकला असता, आणि त्या हशात त्या बिचाऱ्याचे पैसे वाचले असते. इंग्रजी शब्दात मात्र ती शंका दडपली जाते. 'डिजिटल' म्हणजे काहीतरी नवीन, आपल्याला न कळणारं, मुलाला ठाऊक असलेलं. तो न कळणारा भाग हेच भामट्याचं भांडवल.

सेटिंग, परमिशन, क्लाउड, केवायसी, ओटीपी... आई-बाबांना फोनवर हे शब्द आपण दिवसातून कितीदा ऐकवतो? आणि "म्हणजे नक्की काय रे?" असं त्यांनी विचारलं की "तू फक्त ओके दाब" म्हणून मोकळे होतो. विशीतल्या बाळशास्त्र्यांनी दोन रकान्यांचं पान भरलं ते शेजारचा रकाना ज्याला वाचता येत नाही, त्याला बातमी कळावी म्हणून. आपल्याला पान काढायचं नाहीये. रोज एक शब्द पुरे. पाच घरांत बसला नाही तरी चालेल, संस्कृत नसला तरी चालेल. ऐकणाऱ्याला त्यावर "हे कसं शक्य आहे?" असं विचारता आलं की झालं.

ओटीपीला मी सध्या 'तिजोरीची किल्ली' म्हणतोय. तांत्रिकदृष्ट्या तंतोतंत नाही, ठाऊक आहे. पण किल्ली फोनवर मागणाऱ्याला कुणी देत नाही. तुमच्याकडे याहून बरा शब्द असेल तर सुचवा, आणि मुख्य म्हणजे, आधी घरी वापरून बघा.